फुंकणीवाले बळवंत

आमच्या ह्यांना सगळं बोईसर फुंकणीवाला म्हणतं. सगळं म्हणजे त्यांच्या कंपनीतलं आणि आमच्या चाळीतलं, पण आमचं बोईसर तेवढंच. नाव बळवंत, काम एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. आत सगळी पेट घेणारी रसायनं, म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकानं गेटवर एका मशीनमध्ये फुंकायचं. दारू प्यालेला असला की मशीन ओरडतं. ओरडलं की माणूस माघारी, त्या दिवसाची हजेरी बुडाली. कामगारांनी त्या मशीनचं नाव फुंकणी ठेवलं आणि ती कायम ह्यांच्या हातात.

आणि हे म्हणजे एक नमुना! मी डबा द्यायला जायची तेव्हा डोळ्यांनी बघितलंय. माणसं गयावया करायची, "बळवंतदादा, कालची हाय ओ, उतरली नाय, आजच्या दिवस सोडा." सोडतील तर शपथ. वर भाषण द्यायचे, "लाज वाटत नाही? लिव्हर सडून मरशील एक दिवस." तो माणूस खाली मान घालून रिक्षा स्टँडकडं चालायला लागायचा. मी म्हणायची, अहो, सोडायचं नसेल तर नका सोडू, पण वर बोलता कशाला? तर म्हणायचे, "तुला काय कळतंय."

स्वतः मात्र कधी थेंब घेतला नाही, हे मी कुठंही छातीवर हात ठेवून सांगीन. आम्ही धाराशिवकडून इकडं आलो तेव्हापासून बघतेय. खोकल्याचं औषधसुद्धा आधी वास घेऊन प्यायचे. व्यसन एकच, चहा. दिवसभर गेटवर बसून गोडमिट्ट चहा, आणि चहाबरोबर जे हाताला लागेल ते, वडापाव, खारी, भजी. पोट सुटलं. म्हटलं, जरा हिंडत जा. "गेट सोडून हिंडू?" संपला विषय.

पहिल्यांदा मानेमागची कातडी काळी पडली, जाडसर, मळ साचल्यागत. मी आपली वजरीनं घासतेय. मळ असता तर निघाला असता ना! मग कधीतरी हाताचे तळवे लाल झाले, अंगठ्याखाली आणि करंगळीखाली तर जास्तच. शेजारची स्वाती म्हणाली, "काकांनी मेंदी काढली का काय?" आम्ही हसलो. हसलो हो, चांगले पोट धरून हसलो. मग छातीवर, गळ्याजवळ, लाल ठिपके उठले. मधे एक ठिपका आणि भोवती कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेघा.

आणि मग खाज सुटली. अंगावर पुरळ नाही, काही नाही, नुसती खाज. तळहात, तळपाय. कंगवा घेऊन पाय खाजवायचे, भिंतीला पाठ घासायचे. आमच्याकडं कुणाला काही झालं की कंपन्यांच्या वासावर ढकलायची सवयच आहे. खोकला आला, वास. केस गळले, वास. मग ही खाजही वासाचीच. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली, ती संपली की दुसरी आणली. त्यातच वर्ष गेलं.

शेवटी मी ओढून स्टेशनजवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, पण मन लावून बघितलं त्यानं. तळवे उलटसुलट केले. छातीवरचा एक ठिपका बोटानं दाबला, तो नाहीसा झाला. बोट उचललं, परत लाल भरला. मग त्यानं विचारलं, "काका, घेता का?"

"काय?"

"दारू."

अगं बया! असे उठले की खुर्ची मागं पडली. डॉक्टर बिचारा समजावतोय, "काका, विचारावं लागतं, ही लिव्हरची लक्षणं असू शकतात, न पिणाऱ्यांचंही लिव्हर बिघडतं, सोनोग्राफी आणि रक्त तपासून घ्या." पुढचं ऐकायला हे होते कुठं? रस्त्यावर. घरी येऊन मला समोर बसवलं आणि म्हणाले, "स्नेहाची शपथ घे. लिव्हर हा शब्द कुणापाशी काढायचा नाही."

स्नेहा आमची लेक, सफाळ्याला दिलीय. म्हटलं, तिला तरी सांगू? "तिच्या सासरी काय म्हणतील? सुनेचा बाप लपून पितो म्हणतील. आणि गेटवर? मी ज्यांना ज्यांना माघारी लावलं ते सगळे टाळ्या पिटतील. लिव्हर म्हटल्यावर माणूस दुसरं काय समजतो, सांग." खरंच दुसरं काही समजत नाहीत लोक. मी तरी कुठं वेगळं समजत होते? सांगायला लाज वाटते, पण त्या आठवड्यात ह्यांच्या शर्टाचा दोनदा वास घेतला मी.

तेव्हापासून आमची खोली म्हणजे कोंडवाडा झाला. स्वाती विचारायची, काकांना काय झालंय? मी म्हणायची, अॅलर्जी. लेकीचा फोन आला, अॅलर्जी. एवढ्या उकाड्यात हे गळ्यापर्यंत बटणं लावून कामाला जायचे. हातांवर पांढरे मोजे चढवले. लोक म्हणाले, फुंकणीवाला साहेब झाला. आणि सगळ्यांसमोर त्या मोज्यांतून खाजवायचं कसं? गेटवर हे दात आवळून उभे राहायचे आणि घरी आल्यावर रक्त येईपर्यंत खाजवायचे. तपासणीचं नाव काढलं की ताट सरकवायचे. मला इतका राग यायचा की वाटायचं, चाळीच्या मधोमध उभं राहून ओरडावं. पण लेकीची शपथ होती.

त्यांच्याच कंपनीत झिपरू म्हणून एकजण आहे, जव्हारकडचा, ड्रम उचलायच्या कामावर. ह्यांनी सगळ्यात जास्त वेळा माघारी लावलेला माणूस. एक दिवस तो फुंकायला पुढं आला आणि ह्यांना अशी काही खाज सुटली की मोजा ओढून काढावाच लागला. मी डबा घेऊन तिथंच उभी होते. झिपरूनं तो लाल तळवा बघितला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "दादा, माझा भाव होता, बन्सी. त्याचं पन हात असंच झालं होतं. आमी बघत रायलो. तुमी डाक्टरकडं जावा, ऐका माजं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता हो. मी कानांनी ऐकलंय. पण ह्यांच्या कानात काय शिरलं देव जाणे. "मला पेताड म्हणतोस?" म्हणून केवढ्यांदा ओरडले! सगळी लाईन गोळा झाली. ह्यांनी मशीन स्वतःच्या तोंडाला लावलं, गाल फुगवून फुंकलं आणि हात वर करून सगळ्यांना दाखवलं, "बघा! शून्य! आहे कुणाच्यात हिंमत?" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. झिपरू मान हलवत आत गेला. आणि हे घरी आले ते जत्रेतली कुस्ती मारल्यासारखे. "मशीन खोटं बोलत नाही, सोजे. शून्य म्हणजे शून्य. मला काही झालेलं नाही."

काय बोलणार ह्याच्यावर?

श्रावण लागला तेव्हा डोळे पिवळे झाले. पाय सुजले. आता डोळ्यांना काय घालणार, मोजे? तर काळा गॉगल आणला. ढगाळ दिवसात गॉगल घालून वॉचमन उभा! सुपरवायझरनं काढायला लावला, डोळे बघितले आणि सांगितलं, डॉक्टरचा दाखला आणल्याशिवाय गेटवर यायचं नाही. दारू पिऊन येतात म्हणून ज्यानं इतक्यांना माघारी लावलं, त्याला त्याच गेटवरून लाईनीसमोर माघारी यावं लागलं. कुणी हसलं नाही म्हणे. हेच त्यांना जास्त लागलं.

मग पालघरला गेलो. रक्त दिलं, सोनोग्राफी झाली. डॉक्टर वयस्कर होते, शांत. रिपोर्ट दोनदा वाचला. लिव्हर आकसलंय म्हणाले, पोटात पाणी धरायला लागलंय. मग चष्मा काढून ह्यांच्याकडं बघत म्हणाले, "काका, मनमोकळं सांगा. पीत असाल तर लाजू नका. उलट दारूचं असलं तर एक बरं असतं, आज सोडली तर लिव्हर बरंच सावरतं. मी असे कितीतरी सावरलेले बघितलेत."

मी खुर्चीची कड धरली. म्हटलं, आता उठतात आणि ह्या म्हाताऱ्या माणसाला नको ते बोलतात.

हे उठले नाहीत. लाल तळवे मांडीवर उघडे टाकून बसले होते. मग म्हणाले, "पितो."

माझा कानांवर विश्वास बसेना. डॉक्टरांनी पेन उचललं. "किती?"

"दोन ग्लास." मग घाईघाईनं, "तीन. रोज तीन."

"कशाचे? देशी?"

ह्यांना नावंसुद्धा येत नव्हती. म्हणाले, "ते... जे मिळेल ते. पण आजपासून सोडली, साहेब. ह्या मिनिटापासून. लिहून घ्या. आता होईल ना बरं?"

मला रडू आवरेना. म्हटलं, "साहेब, लिहू नका. खोटं बोलतायत हे. जन्मात थेंब घेतला नाही ह्या माणसानं."

ह्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं मी. "सोजे, गप बस की," म्हणाले, "मला बरं व्हायचंय."