वरचा रस्ता, खालचा रस्ता

हौशीराम वरवंडचा. एसटीत ड्रायव्हर होता, आणि नोकरीची बहुतेक वर्षं त्यानं शिरूर-दौंड गाडीवरच काढली. निमोणे सोडलं की पुढं एक वस्ती लागायची, वस्तीच्या तोंडाशी बुद्धविहार, विहारासमोर थांबा, आणि थांब्याच्या पुढं उतारावर ओढा. ओढ्यावर कठडे नसलेला फरशी पूल. पावसाळ्यात फरशीवर पाणी आलं की नवे ड्रायव्हर बिचकायचे. हौशीराम मात्र आभाळ कुठल्या अंगाला भरलंय, पाण्याला माती किती आलीय, कडेचे दगड दिसतायत का, एवढं बघायचा आणि गाडी घालायची की थांबायचं ते ठरवायचा. आपला अंदाज चुकत नाही, असं त्याला वाटायचं. इतरांनाही वाटायचं.

मग दुष्काळ पडला. ओढा इतका आटला की पात्रात वेड्या बाभळी माजल्या आणि फरशीखाली पोरं क्रिकेट खेळायला लागली. तिथून पाणी वाहायचं, हे हौशीरामही विसरत चालला होता.

दुष्काळ सरला त्यानंतरच्या एका पावसाळ्यात, स्वच्छ ऊन पडलेलं असताना, थांब्यावरून उतारावर येतो तर फरशीवर गढूळ पाणी. वर आभाळात ढगाचा ठिपका नाही. मग हे पाणी आलं कुठनं? त्यानं गाडी थांबवली. पाणी घोट्याच्या वर चढलं नाही. एक मोटारसायकलवाला पाय वर धरून हसत निघून गेला. प्रवासी आधी कुरकुरले, मग तोंडावर बोलायला लागले. कंडक्टर खंडूनंही हळूच विचारलं की आज काय झालंय. पाणी ओसरल्यावर हौशीरामानं गाडी काढली. दौंडला पोचेपर्यंत त्याचे कान तापलेले होते.

आठवडाभरानं पुन्हा तसंच ऊन, तसंच पाणी, रंगही तोच. या वेळी तो थांबला नाही. फरशीच्या मध्यावर गाडीची मागची बाजू कोणीतरी ढकलल्यासारखी सरकली आणि इंजिन बंद पडलं. पाणी पायरीवर आलं, मग आत आलं. वस्तीतल्या लोकांनी दोर टाकून एकेकाला बाहेर काढलं. माणसं सगळी वाचली. ताईबाई वस्तीतली, बाजारच्या दिवशी कोंबड्या घेऊन दौंडला जायची. तिची कोंबड्यांची पाटी मात्र वाहून गेली. काठावर निथळत उभी राहून ती पाटी गेली त्या दिशेला बघत होती. हौशीराम तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

त्या दिवसापासून तो गोंधळलाच. दोन्ही वेळा त्यानं सारखंच पाहिलं होतं. मग नेमकं काय बघायचं राहिलं? ढग दिसला की हात स्टिअरिंगवर आवळायचे, ऊन दिसलं की त्याहून जास्त. बायकोनं विचारलं तर म्हणायचा, काही नाही, झोप झाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून एका संस्थेची माणसं मोजणीच्या मशिनी घेऊन डेपोत आली. पावसाचं मान बदलतंय, दिवस कमी आणि जोर जास्त होतोय, तेव्हा या भागातले कुठले रस्ते उंच करायचे आणि कुठले हलवायचे, याचा आराखडा ती करत होती. त्यांच्यातली स्नेहल नावाची मुलगी हौशीरामाच्या गाडीतून ओढ्यापर्यंत आली. तिनं फरशीवर उभं राहून त्याला विचारलं, पाणी कधी येतं आणि किती चढतं.

हौशीराम पात्राकडं बघत म्हणाला, "मॅडम, पयलं मला कळायचं. आता न्हाई कळत."

"आम्हालाही पुरतं कळलेलं नाही, मामा," ती म्हणाली. "वर कुठंतरी तासाभरात पाऊस कोसळतो आणि इथं उन्हात पाणी येतं, एवढं दिसतंय. पुढं किती वाढेल, ते कुणीच सांगू शकत नाही."

याचं बरं वाटावं की वाईट, हेही त्याला समजेना. मशिनी घेऊन आलेल्यांनाच ठाऊक नाही, तर मग ठाऊक कुणाला?

तिनं दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे भराव घालून इथंच उंच पूल बांधायचा. दुसरी, वस्तीच्या अलीकडच्या फाट्यावरून रस्ता माळानं वर न्यायचा. हौशीराम लगेच म्हणाला, माळानं न्या. परत येताना थांब्यावर ताईबाई चढली. रस्ता माळावर गेला तर वस्तीला गाडी राहणार नाही, म्हातारी माणसं फाट्यापर्यंत कशी येणार, असं ती म्हणाली. त्यानं शिरूरला उतरताना स्नेहलला गाठलं आणि पूल बांधा म्हणून सांगितलं. तिनं विचारलं, भराव घातला तर अडलेलं पाणी वस्तीत शिरेल का? तेव्हा तो म्हणाला, "दोन्ही लिवा."

दोन पावसाळे गेल्यावर झालं ते थोडंफार तसंच. माळावरून कच्चा रस्ता निघाला, फरशी तशीच राहिली. गाडी एरवी खालून जायची. पाण्याचा धोका वाटला तर वरून न्यायची, आणि ते ड्रायव्हरनं ठरवायचं.

हौशीरामाच्या निवृत्तीआधीचा तो शेवटचा पावसाळा. शिरूरहून येताना फाट्यावर त्यानं गाडी थांबवली. ऊन होतं. इंजिन बंद करून तो उतरला आणि उतारावरून ओढ्यापर्यंत चालत गेला. गाडीतून घरी निघालेली ताईबाईही उतरून मागोमाग आली. फरशीवर पातळ पाणी वाहत होतं. कडेचे दगड दिसत होते.

"जाईल का वं गाडी?" तिनं विचारलं.

"तुमाला काय वाटतं?"

"मला काय ठावं? तुमी ड्रायव्हर."

तो तसाच उभा राहिला. पाणी वाढत होतं की नुसतं हलत होतं, ते त्याला ठरवता येईना. फाट्यावरून खंडूनं शिट्टी मारली. ताईबाई वस्तीकडं वळली, आणि हौशीराम चढ चढून गाडीत बसला. त्यानं माळाचा रस्ता धरला. धुरळा आत येऊ लागला तशी माणसं वैतागली. उन्हाचं वरनं कशाला आणलं, म्हणून एकानं विचारलंही.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर ताईबाई कोंबड्या घेऊन चढली. काल पाणी चढलं की नाही, हे त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. पाटी पायाशी ठेवून ती खिडकीशी बसली, आणि हौशीरामानं पहिला गिअर टाकून गाडी ओढ्याच्या उताराला घातली.