नायसिनची लाली

"अगं, तुझे कान बघ कसे लालबुंद झालेत!" शरीरक्रियाशास्त्राच्या आमच्या बाई आनंदाने म्हणाल्या. मी मात्र घाबरले होते. चेहरा, मान, छाती, सगळीकडे चुरचुरत होतं. बाईंच्या प्रयोगासाठी मी कालपासून उपाशी होते आणि अर्ध्या तासापूर्वी नायसिनची, म्हणजे एका ब जीवनसत्त्वाची, गोळी घेतली होती.

"बाई, मला काही होणार नाही ना?"

"रक्तवाहिन्या रुंदावल्यात फक्त. जाईल तासाभरात." त्यांनी माझा हात धरून ठेवला.

उपाशी शरीर साठवलेली चरबी आम्लांच्या रूपात रक्तात सोडतं आणि यकृत त्यांच्यापासून कीटोन, म्हणजे उपासातलं इंधन, बनवतं. सकाळी, गोळीआधी, माझ्या रक्तात ते भरपूर होते. लाली ओसरल्यावर बाईंनी पुन्हा रक्त तपासलं. चरबीची आम्लं उतरली होती आणि मागोमाग कीटोनही! मी खुर्चीतून उडालेच. पोटात अन्नाचा कण नसताना एका गोळीने चरबीची कोठारं बंद केली होती. ज्याला मी वीस वर्षं "मी" म्हणत आले, त्यात असं काही चालतं याची मला गंधवार्ताही नव्हती.

संध्याकाळी आकडे पुन्हा चढले, सकाळच्याही वर. मी हिरमुसले. "म्हणजे प्रयोग फसला?"

"फसला कसा? गोळीचा जोर संपला आणि शरीराने कोठारं परत उघडली. ते तुला उपाशी मरू देईल होय?"

बाईंनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला. भाकरी खाताना माझं अंग मला प्रथमच माझ्यापेक्षा शहाणं वाटलं.