नणंदेचा ठेका

पुलावरची निम्मी वाट सरली, तरी माझ्या नणंदेच्या बोटांना चैन नव्हती. कधी कठड्यावर, कधी माझ्या पर्सवर ठेका चाललेला.

"अगं, हळू चाल. स्टुडिओ काही पळून जात नाही."

"वहिनी, रिक्षात नुसती बसून वेडी झाले असते मी. चालू दे."

ही शाळेची बस चालवते आणि सुट्टीच्या दिवशी रॉक बँडमध्ये ड्रम वाजवते. बस कशी अगदी सांभाळून. पण ड्रमवर बसली की सुसाट. मी लग्न होऊन आले तेव्हा ही डब्यांवर पळ्या बडवायची. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या अंगात वारं शिरलंय."

आज बँडचं पहिलं गाणं रेकॉर्ड होणार होतं. आधी एकटे ड्रम, बाकीचे नंतर. रेकॉर्डिंगवाल्या दादांनी तिच्या कानांवर हेडफोन चढवले. आत घड्याळासारखी टकटक, तिच्याबरोबर वाजवायचं. पण कडवं संपेपर्यंत ही दर वेळी टकटकीच्या पुढे!

शेवटी दादा म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. ड्रम मशीनवर करू."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. गिटारवाला उसळला, "मशीनच्या तोंडाकडे बघून वाजवू का मी? टकटक बंद करा. सगळे एकत्र वाजवतो. नाही जमलं, तर आणा तुमचं मशीन."

नणंदेने मला आत ओढून समोर बसवलं.

गाणं सुरू झालं आणि माझी खुर्ची थरथरली. ही पळालीच, पण या खेपेला गिटार पळाली, गाणारी पोर पळाली, कुणी म्हणून मागे राहिलं नाही! शेवटचा ठोका पडला, झांजा घुमत राहिल्या. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

दादांनी रेकॉर्डिंग लावून ऐकवलं. "हेच पाहिजे होतं! मशीन विसरा." आम्ही उड्याच मारल्या. तेवढ्यात, घुमणाऱ्या झांजांमधून एक बायकी आवाज आला, "देवा रे, काय वाजवलंस गं!"

माझाच! कधी बोलले, देवाशपथ, कळलंच नाही.

"झांजांत मिसळलाय. वेगळा नाही निघणार," दादा म्हणाले. "चालत नसेल, तर परत वाजवावं लागेल."

"वाजवा बाई परत. देवाचं नाव असल्या धडधडाटात? लोक हसतील मला!"

घामाने निथळत नणंद जवळ आली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "वहिनी, असं पुन्हा माझ्या हातून होईल की नाही, सांगता येत नाही. राहू दे ना तुझा देव माझ्या गाण्यात."