नाचाचं लायसन्स

तरुणपणी मी सांगलीच्या कोर्टात चार वर्षं वकिली केली. कायदा बेताचाच यायचा, पण तारीख मागण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. पक्षकार आजारी, कागद गहाळ, नाहीतर माझाच घसा बसलेला. खोटं खोकतानासुद्धा माझ्यातली ती पोरगी स्वतःला मोठी कायदेपंडित समजायची.

तीच पोरगी गेल्या वर्षी आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावात जागी झाली. लेकीचं इथे छोटं हॉटेल आहे. दर शनिवारी मागच्या हॉलमध्ये लोकांनी येऊन नाचावं, हे तिचं स्वप्न. पण या देशात अशा नाचाला जागेचं लायसन्स लागतं, आणि ते देतं डिस्ट्रिक्ट कोर्ट. भुंकणारी कुत्री आणि सुसाट गाड्याही त्याच्याच अखत्यारीत. कायदा माझ्यापेक्षा वयाने मोठा. नाचून पोरंपोरी बिघडतात असं तेव्हाच्या वडीलधाऱ्यांना वाटलं, म्हणून लोकांच्या पायांवर न्यायाधीश बसवले.

हॉटेलच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजोबांनी झोपमोडीची हरकत घेतली. लेक वकील शोधायला निघाली, तर मीच अडवलं. पहिल्या तारखेला नुसतं तोंड दाखवून यायचं असतं. दोन-चार तारखांत म्हातारा कंटाळेल. तिने ऐकलं, बिचारीने.

पुकारा झाला आणि न्यायाधीशबाईंनी थेट विचारलं, आवाजाचं काय करणार? लेक माझ्याकडे बघायला लागली. मी सवयीने ताडकन उभी राहिले आणि पुढची तारीख मागितली.

"कशासाठी?" बाई म्हणाल्या. "अर्जदार हजर, हरकतवाले हजर. आपण कोण?"

"आई, खाली बस," लेक दातओठ खाऊन पुटपुटली.

मग तीच बोलली. खिडक्या बंद ठेवीन, स्पीकर लांबच्या भिंतीला लावीन. बाईंनी आजोबांना झोपायची वेळ विचारली. दहा. साडेनऊला संगीत बंद झालं तर? "ग्रँड," आजोबा म्हणाले, म्हणजे इथलं 'चालेल की'. लायसन्स मिळालं, चहा गार व्हायच्या आत. सांगलीत मी याच्यावर तीन वर्षं काढून वर पेढे वाटले असते.

पहिल्या शनिवारी नऊच्या सुमाराला दारात आजोबा. लेक आवाज कमी करायला धावली. वर काहीच ऐकू येईना, म्हणून नाच चाललाय की नाही ते बघायला आले होते. कोट काढून त्यांनी माझ्यापुढे हात केला. आमची पावलं जेमतेम जुळली, तोच साडेनऊ वाजले आणि लेकीने गाणं बंद केलं.

आजोबा माझ्या कानाशी म्हणाले, "तुम्ही कोर्टात मागत होतात ना, ते आता मागा."

साडेनऊसाठी पुढची तारीख मागितली. लेकीने फेटाळली.