शिट्टी वाजली आणि संघ खाली बसला

"आ कर!" नमस्काराच्या आधी ती हेच म्हणायची. कर्जतच्या बाजारात तुम्हीही पाहिलं असेल: एखादा दांडगा, मिशाळ माणूस तोंड उघडून उभा, आणि गोळी गिळली की जिभेखाली दडवली हे चष्मा वर करून तपासणारी आरोग्यसेविका.

तुरुंगातून नुकते सुटलेले पुरुष तिच्याकडे होते. आत जडलेला क्षय, आणि बाहेर वाट पाहणारे जुने सोबती. औषधं पूर्ण झालेल्यांना तिनं डॉक्टरांना विचारून कबड्डीत घातलं. "संध्याकाळी मोकळा राह्यलास की बिघडतोस. चल मैदानात!"

कळंबला त्यांचा पहिला सामना होता. संघातला एक जण वायरचोरीत शिक्षा भोगून आलेला. त्याचे जुने सोबती टेंपो घेऊन मैदानाच्या कडेला थांबले होते.

"चल रं, काम हाय."

"सामना हाय," तो म्हणाला. पण डोळे टेंपोवरच होते. तिनं ते पाहिलं.

पंचांनी शिट्टी वाजवली आणि तिचा अख्खा संघ दोन रांगांत उकिडवा बसला. तुरुंगात शिट्टी झाली की मोजणीसाठी असंच बसायचं असतं. अंगवळणी पडलेलं, लगेच सुटत नाही.

"आरं, पंगत बसली काय?" कोणीतरी ओरडलं. मैदान हसून लोळलं. बाकीचे ओशाळून उठले. तो उठला तो तडक टेंपोकडे निघाला.

ती मैदानात शिरली, पदर खोचला आणि त्याच्या रिकाम्या जागी उकिडवी बसली.

"पंच, मोजा मला! एक माणूस कमी भरतोय!"

तो थबकला. मागे आला. "ताय, उठा ना. लोक हसतायत."

"हसू देत. गुडघे धरलेत माझे. उठव आता तूच."

त्यानं तिला दोन्ही हातांनी उठवलं आणि उठवता उठवता स्वतःच हसू लागला. टेंपोनं हॉर्न दिला. "जावा तुमी," तो न वळता म्हणाला, "माझी चढाई हाय."

सामना ते हरले. आमच्या वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर त्या सामन्याच्या दोन ओळी आल्या. पुढे तिची बदली खालापूरला झाली आणि बाजारात ती दिसेनाशी झाली.

मला ती दिसते ती त्या चढाईच्या वेळची. तो समोरच्या संघाच्या अंगणात एका दमात कबड्डी घुमवतोय, खोकल्याची एक उबळसुद्धा नाही. आणि रेषेबाहेर ती, गाल फुगवून, आपलाही श्वास रोखून उभी.