तिरप्या अक्षरांचं पान

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेत ती कधी शिकवायला गेली नव्हती, पण दुसऱ्याच्या लिहिण्यात चूक दिसली की तिचा हात आपोआप पेनाकडे जाई, म्हणून हे नाव चिकटलं. कंपनी लहानशी. कचेऱ्यांच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवायची, आणि ते कसं वापरायचं याचं पुस्तक मास्तरीण लिहायची. पुस्तकात तिची शिस्त कडक. जाड अक्षरात छापलेलं जसंच्या तसं टाइप करायचं. तिरप्या अक्षरात छापलेलं केवळ नमुन्यापुरतं, त्या जागी आपलं खरं नाव घालायचं. फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडायची नाही, आधी विभाग, मग वर्ष. हे सगळं समजावणारं एक पान पुस्तकाच्या सुरुवातीलाच होतं.

नव्या आवृत्तीच्या वेळी वरून सांगणं आलं, पुस्तक जरा आटोपशीर करा. मास्तरणीने सगळ्यात आधी तेच पान काढलं. एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं, असं तिला मनापासून वाटलं.

मग एक दिवस चहाच्या वेळी, गिऱ्हाइकांना फोनवर मदत करणारा सहकारी हसतच आला.

"ऐका. एका दवाखान्यातल्या बाईने रोजच्या नोंदींची नक्कल ठेवायला फोल्डर केलं. नाव काय दिलं असेल? विभागाचे-नाव-वर्ष."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. पुस्तकात तिरपं छापलंय ना, ते उचलून तसंच टाइप केलं. डोळ्यांचा विभाग त्यात, हाडांचा त्यात, लहान मुलांचाही त्यातच. प्रत्येक नक्कल आधीच्या नकलेवर जाऊन बसली. आता मशीन बिघडलं, तर शेवटच्या विभागाचं तेवढं हाती लागलं. बाकीच्यांच्या नावाने शंख."

सगळे पोट धरून हसले. मास्तरीणसुद्धा. वर म्हणाली, "कागदावर 'इथे सही करा' असलं, तर ही बाई सहीच्या जागी 'इथे सही करा' असंच लिहील." हशा दुप्पट झाला. फोनवाल्याने तर ते वाक्य पाठच केलं.

रविवारी नणंद जेवायला आली. नवऱ्याची धाकटी बहीण, पण वयाने मास्तरणीएवढीच, त्यामुळे दोघी एकमेकींना अहो-जाहो करत. आल्यापासून ती गप्प गप्पच होती. तिला जरा बरं वाटावं म्हणून मास्तरणीने ताटावर बसल्यावर ही गंमत सांगितली, आपल्या विनोदासकट. नवरा ठसका लागेपर्यंत हसला.

नणंदेचा हात ताटातच थांबला. "ते सहीचं तुमचं होय," ती म्हणाली.

"का हो, वन्सं?"

"आमच्याकडेही पोचलंय. तुमच्या फोनवाल्याने आमच्या साहेबांना सांगितलं. आता हजेरीच्या सहीला गेले की कोणीतरी विचारतंच, बाई, नीट कराल ना?"

नणंद दवाखान्यात नोकरीला आहे हे मास्तरणीला ठाऊक होतं. पण तिच्या लेखी नणंद अजून खिडकीवर बसून केसपेपर काढून देत होती. नोंदींची खोली तिच्या ताब्यात आल्याला बरेच दिवस झाले होते, आणि कामाचं कसं चाललंय एवढंसुद्धा मास्तरणीने कधी विचारलं नव्हतं.

"पुस्तक उघडलं तर आत तुमचं नाव," नणंद म्हणाली. "मी सगळ्यांना सांगितलं, आमच्या वहिनीने लिहिलंय, आता एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. नाही केलं."

"मला काय माहीत, त्या बाई म्हणजे तुम्ही."

"दुसरी कोणी असती तर चाललं असतं?"

"अगं, जेवताना कशाला," नवरा मध्ये पडला.

"दादा, तुझं हसून झालं ना? मग जेव आता." तिने ताटाकडे बघतच सांगितलं, "उद्या साहेब ठरवणार आहेत. बहुतेक परत खिडकीवर."

रात्री मास्तरणीने जुनं पुस्तक शोधून काढलं. सकाळी देवापुढे हात जोडले, पण मागायला तोंड नव्हतं. ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि जुनं-नवं अशी दोन्ही पुस्तकं घेऊन ती थेट दवाखान्यात गेली.

साहेबांनी जुन्या पुस्तकातलं ते पान वाचलं, मग नव्यात शोधलं. "यात दिसत नाही."

"मी काढलं."

"का?"

"वाटलं, सगळ्यांना कळतं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मलाही कळलं नसतं," ते म्हणाले. नोंदींची खोली नणंदेकडेच राहिली. गेलेल्या नोंदी मात्र केसपेपरांवरून पुन्हा भरायच्या होत्या, आणि टेबलावर त्यांचा ढीग लागलेला मास्तरणीने पाहिला.

नणंद जिन्यापर्यंत सोडायला आली. चेहरा निवळला नव्हता.

"सांगितलंत, बरं झालं. पण इथली माणसं ऐकीव गोष्टीवर हसली, वहिनी. हसायला सुरुवात तुमच्याकडे झाली."

मास्तरीण जिना उतरू लागली. साहेब परके होते, त्यांना पुन्हा तोंड दाखवायची वेळ येणार नव्हती. स्वतःच्या ऑफिसात मात्र रोज त्याच टेबलावर चहा प्यायचा होता.

त्या दुपारी फोनवाला कुणा नव्या माणसाला तीच गोष्ट रंगवून सांगत होता. मास्तरणीने त्याला मध्येच थांबवलं.

"ती बाई चुकली नव्हती. तिने मी लिहिलं तसंच केलं. कुठलं बदलायचं ते सांगणारं पान होतं, ते मी काढून टाकलं. आणि वर मीच हसले."

नात्याचं नाव तिने मुद्दाम घेतलं नाही. फोनवाला खाली बघून कप फिरवत राहिला. कुणीतरी म्हणालं, "अहो, एवढं काय, मस्करीच तर होती." "नाही," मास्तरीण म्हणाली. तिचे कान तापले होते, तरी ती कपातला चहा संपेपर्यंत तिथेच बसून राहिली.