लाली घालवणारा थेंब

कच्च्या तंबाखूचा वास आला की माझे डोळे आजही आपोआप मिटतात. निपाणीच्या वखारीत आई तंबाखू चाळायची. धुळीनं डोळे लाल दिसले की मुकादम म्हणायचा, “डोळं आल्यात तुझं, घरला जा,” आणि त्या दिवसाचा पगार बुडायचा. डॉक्टरांनी आठच दिवसांसाठी दिलेल्या थेंबानं लाली तासाभरात गेली. मग काय, रोज सकाळी वखारीच्या दाराबाहेर बायका माना वर करून ओळीनं बसायच्या आणि आई प्रत्येकीच्या डोळ्यात थेंब सोडायची. “लई गार वाटतंय गं, संपली बघ, दुसरी आण,” असं ती म्हणाली की मी रिकामी बाटली दाखवून औषधाच्या दुकानातून नवी आणायचे. डॉक्टरांची चिठ्ठी दुकानदारानं कधी मागितली नाही. दोन वर्षांनी आई दाराची चौकट चाचपायला लागली. बेळगावचे डॉक्टर म्हणाले, “हेच औषध इतके दिवस घातल्यानं डोळ्यातला दाब वाढला आणि आतली नस मेली.” परवा माझे डोळे तपासताना डॉक्टरीणबाई कौतुकानं सांगत होत्या, आता औषधाचे इतके बारीक कण करतात की एक थेंब दिवसभर डोळ्यात टिकतो. आईच्या डोळ्यात तो जन्मभर टिकला, आणि आणून मीच दिला होता.